माशीबंदचं पहिलं गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी, मंगळवार

सेंटरचा पंखा आजही बंद. अजून थंडी आहे म्हणून निभलं. शिपाई म्हणतो, "फिरोजभाऊ, अर्ज द्या." मॅनेजर मी, अर्जही मीच द्यायचा, मंजूर करायला ट्रस्टनं नेमलेले साहेब कधीतरी उगवणार. जाऊ द्या.

सकाळी बांबूवाले सर आले. बांबूच्या कोळशातून पाणी गाळायचं यंत्र केलंय. चांगलं आहे. म्हटलं, विकणार कोण? तर म्हणतात, "ते तुमचं काम. शोध लावणं माझं." पेटंटचा कागद फ्रेम करून आणला होता, आमच्या भिंतीला लावायला. खिळा ठोकून दिला. अब्बांचं टायरचं दुकान भावाच्या हवाली करून इथं आलो तेव्हा वाटलं होतं, प्रोफेसर लोकांच्या शोधाचे धंदे उभे करायचे, बसून काम आहे. बसून आहे खरंच. बसून बसून गुडघे गेले. रोज चंद्रपूर ते गडचिरोली एस.टी., आणि भिंतीवर फ्रेमा.

दुपारी सुनंदा आली, तेवढंच बरं वाटलं. डॉ. सुनंदा शेंडे, प्राणिशास्त्र, कॉलेजात तासिकेवर शिकवते. पोरगी ढिवराच्या घरची, मासोळीतच वाढली, पीएच.डी.ही सुक्या मासोळीवर. तिची ती पुडी, "माशीबंद". पाण्यात कालवायची, धुतलेली मासोळी त्यात बुडवायची, मग उन्हात घालायची. माशी बसत नाही, अळी पडत नाही. निर्गुडी आहे त्यात, आणखी एक पाला आहे, त्याचं नाव इथंही लिहीत नाही. पेटंट व्हायचंय.

पेढे घेऊन आली होती. तिच्या माहेरच्या गावानं तिसऱ्यांदा माल घेतला. तिसऱ्यांदा! साहेबांना फोन लावला तर ते उडालेच. "फिरोज, रिपीट ऑर्डर म्हणजे सोनं." साखर वाढलेली असून दोन पेढे खाल्ले. घरी बायकोला, नसीमला, सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरच्या कमिटीशी बोलणं झालं, कॉम्प्युटरवर. पैसे देणारी मंडळी. तिघं होते, त्यातला एक गाडीत बसून बोलून राहिला होता. म्हणे केस छान आहे, गिऱ्हाईक परत येऊन राहिलं हे सगळ्यात छान. पण अट आहे. मॅडमनी नोकरी सोडून पूर्ण वेळ कंपनी करायची. पार्ट टाइमवाल्यांना देत नाही. आणि गावात लोक वापरताना फोटो पाहिजेत. आणि सेंटरच्या मॅनेजरची सही, की माल बाजारात जायला तयार आहे.

मॅनेजर म्हणजे मी. साहेब म्हणाले, "आपल्या सेंटरचं पहिलं लेकरू आहे हे." एवढी वर्षं झाली सेंटरला, एकही लेकरू चाललं नाही, हे साहेबांनी म्हटलं नाही.

सुनंदा म्हणाली, "तासिकेची काय नोकरी भाऊ, सोडली तं कोणाले समजणारबी नाई." हसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घ्या. एवढे दिवस देवाला कौल लावून बसली होती ते आजच यायचं होतं. सुनंदाची परमनंट नोकरीची ऑर्डर आली. कॉलेज दुसरं, पण घरापासून जवळ. एक एप्रिलला हजर व्हायचं, नाही झाली तर जागा खालच्या नंबरवाल्याला.

टपरीवर बसलो. ऑर्डर पर्समधून काढते, पाहते, परत ठेवते. नवरा म्हणतो, जॉइन हो, डोकं चालव. सासू म्हणते, जॉइन हो. ती म्हणते, "भाऊ, पोरं शिकवणारे पन्नास भेटते. माशीबंद म्या नाई केलं तं कोणी नाई करत. आणि माझ्या गावच्या बायका घेऊन राह्यल्या ना, तीन-तीन दा! त्याईले काय सांगू, नौकरी लागली, आता तुमी अळ्या निवडत बसा?"

मग म्हणाली, "तुमी सांगा. तुमी दुकानदार माणूस. तुमी म्हणान तं सोडतो."

हे असं कोणी माझ्यावर टाकलं की मला घाम फुटतो. म्हटलं, एकदा गावात जाऊन पाहू, मग बोलू. चहाचे पैसे तिनंच दिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुनंदासोबत तिच्या माहेरी. मूल गावापासून आत, धानाच्या बांध्या संपल्या की मोठा तलाव, त्याच्या पाळीला गाव. गाडी थांबायच्या आत बायका धावल्या. "सुनंदी आली वं, सुनंदी!" चुलती कौसल्याबाई, ही तिला मोठीमाय म्हणते, तिनं पायावर पाणी घातलं. बाप गेल्यापासून हिचं माहेर म्हणजे मोठीमायचं अंगणच.

जेवायला मासोळीचा रस्सा आणि भात. तिखट असं की कानातून धूर निघाला. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला तेव्हा मोठीमाय म्हणाली, "खा जी, भाऊ, बाजारात अशी नाई भेटत."

मग विक्री. मी असा धंदा दुकानात कधी पाहिला नाही. बोलायचं कामच नाही. एकेक बाई घरातून आली, सुनंदाला कुंकू लावलं, पदरात तांदूळ टाकले, एकीनं ब्लाऊजपीस दिला, आणि सोबत पुडीचे पैसे हातात. पुडी पदराखाली घेतली आणि गेली. भाव कोणी विचारला नाही. उधारी कोणी मागितली नाही. सुनंदाचे डोळे भरले. म्हणाली, "पाहा भाऊ, आता सांगा."

काय सांगायचं. मी म्हटलं, माल चालतो बाई, सोड नोकरी. म्हणजे अगदी असं नाही म्हटलं. "मला तर बरं दिसतं," एवढं म्हटलं. तिच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं, परतीत पूर्ण रस्ता बोलत होती. मशीन कुठलं घ्यायचं, पाला जंगलातून कोण आणणार, पुडीवरचा तिचा फोटो आणखी मोठा करायचा का. फोटोची आयडिया माझी होती. धंद्याला चेहरा पाहिजे.

थकलो. पण असं थकायला बरं वाटतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शिवरात्रीच्या यात्रेची गर्दी अजून उतरून राहिली. एस.टी.त मूलपर्यंत एका पायावर उभा. गुडघा बोंबलला म्हणून मूललाच उतरलो आणि बाजारात शिरलो.

सुक्या मासोळीच्या ओळीत कौसल्याबाई बसली होती. तिनं डोक्यावर पदर ओढला, मग हसली. मी मूठभर झिंगे उचलले आणि नाकाला लावले. सवय आहे, टायरही हुंगून घ्यायचो. मस्त वास. निव्वळ मासोळीचा. निर्गुडीचा मागमूस नाही. सेंटरमध्ये तर सुनंदाचा डबा उघडला की तासभर वैद्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

म्हटलं, बाई, हे माशीबंदचं नाही का?

"हे आधीचं हाये जी, जुनं."

जुनं म्हणावं तर झिंगे अजून नरम होते. अर्धा किलो घेतले. नसीमनं कांदा टाकून केले, दोन भाकरी जास्त गेल्या. काहीतरी खटकून राहिलंय. असेल जुनं. माझं काय जातं.

३ मार्च, सोमवार

दुसरा रोजा. डॉक्टर नको म्हणाला होता, शुगर आहे. पहिले दोन-चार ठेवतो, मग पाहू.

नागपूरला फोटो पाहिजेत. सुनंदाच्या कॉलेजात परीक्षा, म्हणून एकटा गेलो. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर, जीभ टाळूला चिकटलेली. कौसल्याबाईच्या अंगणात मासोळी वाळत घातलेली आणि त्यावर माश्यांची जत्रा. ती पळसाच्या डहाळीनं हाकलून राहिली होती.

म्हटलं, बाई, एक पुडी आणा, कालवताना फोटो काढतो.

"घरात नाई जी. संपल्या."

म्हटलं, शेजारून आणा.

"त्याईच्याकडंबी नाई."

अहो, त्या दिवशी माझ्यासमोर तर घेतल्या! मी जरा चिडूनच बोललो, रोज्यात माझं डोकं लवकर तापतं. तिनं डहाळी खाली ठेवली. मग आत गेली आणि बांबूचं डालगं घेऊन आली. काठोकाठ पुड्या. तिच्या, शेजारणीच्या, तिन्ही खेपांच्या, माझ्यासमोर घेतलेल्या. एकही फोडलेली नाही. प्रत्येकीवर सुनंदा हसून राहिलेली.

"फेकाव कशी जी? लेकीचा फोटू हाये त्याच्यावर. चुलीतबी नाई टाकता येत."

पाळीवर सावलीत बसलो. मग तिनं सांगितलं. पहिल्या खेपेची एक-एक पुडी सगळ्यांनी वापरली. "माशी नाई बसत, हे खरं हाये. पोट्टी हुशारच हाये आमची. पण बाजारात बाया मासोळी नाकाले लावून पाह्यते ना. दवाई मारली म्हणते. फवाऱ्याची हाये म्हणते. अख्खा माल वापस आणला आमी, जनावरानंबी नाई खाल्ला."

मंग सुनंदाला सांगितलं काऊन नाही?

माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच काहीतरी येड्यासारखं विचारलं. "लेक माहेरी येते, तिले रिकाम्या हातानं पाठोते का कोणी? बाप नाई तिचा. पक्की नौकरी नाई. असे पैसे देल्ले तं घेत नाई थे, लय मानी हाये. पुडी घेतली तं घेते. म्हणून घेतो आमी."

आणि मी याला रिपीट ऑर्डर म्हणून नागपूरला कळवलं. अंगणात हे सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं होतं. कुंकू, तांदूळ, ब्लाऊजपीस, पैसे, सगळं एकाच हातानं. अरे फिरोज, ओटी भरून राहिले होते ते! धंदा कुठं होता त्यात?

निघताना हात जोडले तिनं. "तिले सांगू नोका जी. तुमी भाऊ हा तिचे. तोंड उतरंल पोरीचं."

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. फोटो काढला नाही. इफ्तार एस.टी.त, बाजूच्या माणसानं केळ दिलं.

४ मार्च, मंगळवार

रजा टाकली. अंग दुखतंय म्हणून सांगितलं, खोटं नाही.

तिला सांगावं तर गावाचं मन मोडतं. नाही सांगावं तर ती पक्की नोकरी लाथाडून बसेल, ओटीच्या भरवशावर. आणि "मला तर बरं दिसतं" म्हणणारा कोण, तर मीच.

नसीमला सांगितलं. वाटलं होतं, बिचारी सुनंदा म्हणेल. ती भाजी निवडत हसायला लागली. "आपा के सिले हुए कुर्ते कितने पहने आपने?"

माझी मोठी बहीण, आपा, शिवणकाम करते. दर ईदला तिच्याकडून कुर्ता घेतो, हट्टानं जास्तीचे पैसे देतो. बाह्या आखूड असतात. कपाटात थप्पी आहे. आपा सगळ्या मोहल्ल्याला सांगते, फिरोज दुसऱ्याच्या हातचं घालतच नाही.

"बोले कभी आपा को, के बाँहें छोटी हैं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. चादर ओढून झोपलो.

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

नमाजनंतर टपरीवर. तिनं चहा मागवला, मग आठवलं माझा रोजा आहे, "सॉरी भाऊ" म्हणून ग्लास बाजूला सारला. मी म्हटलं पी तू. आणि सांगून टाकलं, डालग्यापासून सगळं. इकडंतिकडं न करता. वळवून सांगायला माझ्यात ताकद नव्हती.

आधी तिला खोटं वाटलं. मग लाल झाली. "तुमी माझ्या गावाले खोटं ठरवून राह्यले? माझी मोठीमाय मले फसवंल?"

फसवून नाही राहिली, जीव लावून राहिली, मी म्हटलं.

"तुमाले नागपूरवाल्याईनं काई सांगतलं का? सरळ बोला ना मंग! आमच्या बाया आहे म्हणून, ढिवराच्या बाया आहे म्हणून त्याईले धंदा समजत नाई, असं म्हणून राह्यले तुमी!"

टपरीवाला पाहायला लागला. ती उठली, पर्स घेतली, गेली. चहा तसाच. फोन लावला तर उचलत नाही. वाईट वाटलं, लय वाईट वाटलं. माझ्या मुलीच्या वयाची नाही ती, पण धाकट्या बहिणीसारखी आहे. आणि तिच्या तोंडावरचं ते हसू मीच पुसलं.

रोजे आता बंद करतो. डॉक्टर खरं म्हणत होता.

१४ मार्च, शुक्रवार

रंग. सेंटर बंद. मोहल्ल्यात पोट्ट्यांचा धिंगाणा, आमच्या दारापर्यंत गुलाल.

सुनंदाचा आठवडा झाला फोन नाही. साहेबांचा आला. नागपूरवाले घाई करून राहिले म्हणे, सही कर आणि पाठव. मी झालेलं सांगितलं. मग म्हणतात, "पुड्या विकल्या गेल्या ना?"

गेल्या.

"पैसे रोख आले ना?"

आले.

"मंग? लोक घरी नेऊन काय करते ते आपण पाहायचं का? टायर विकल्यावर तू गिऱ्हाईकाच्या मागं फिरत होता का?"

आता याला काय म्हणावं. साहेब वाईट माणूस नाही. ट्रस्टवाले त्यांना दर मीटिंगला विचारतात, सेंटरनं काय केलं? दाखवायला त्यांच्याकडे एक सुनंदाच आहे. आणि खोटं काहीच लिहावं लागत नाही, हे तर त्याहून वाईट. विकलं, पैसे आले, परत विकलं, सगळं खरं. मी फक्त सही करायची आणि त्यावर विसंबून ती राजीनामा देईल. मग कमिटीचे पैसे सरेपर्यंत मोठीमायचं डालगं भरत राहील.

म्हटलं, उद्या पाहतो साहेब. उद्या शनिवार, परवा रविवार. तेवढं तरी ढकललं.

१७ मार्च, सोमवार

सेंटरचं कुलूप उघडून राहिलो तर पायरीवर सुनंदा. डोळे सुजलेले. गावाला जाऊन आली होती. न सांगता, बिना पुड्यांची.

मोठीमाय आधी कबूल होईना. मग ही सरळ घरात शिरली आणि डालगं बाहेर काढलं. मोठीमाय रडली, ही रडली, शेजारच्या बाया जमल्या, त्याही रडल्या. "आणि इतकं रडून झाल्यावर, भाऊ, निघताना मोठीमायनं पुन्हा कुंकू लावलं आणि म्हणते, दोन पुड्या असन तं देऊन जा वं." हे सांगताना हसली, आणि हसता हसता परत रडायला लागली. मी खिडकीकडं पाहत बसलो, दुसरं काय करणार.

पाणी दिलं. म्हणाली, "टपरीवर बोलली ते मनावर घेऊ नोका."

घेतलंच नाही, मी म्हटलं. घेतलं होतं थोडं.

"प्रयोगशाळेत आमी माश्या मोजल्या. पोट्टेपोट्टी माश्या मोजत होते. मासोळी कोणाच्या नाकाले लावून पाह्यलीच नाई. मले तं त्या पाल्याचा वास येतच नाई आता, सवय झाली." मग डोळे पुसले. "भाऊ, माशी तं बसत नाई ना? मंग वास काढता येईन. पण काढू का नोको? कोणाले पाह्यजे तरी का हे? का नुस्तं माझं माझंच चाललं? मले अशा गावात न्या, जिथं मी कोणाची कोणी नाई."

एक एप्रिलला किती दिवस राहिले ते दोघांनाही माहीत होतं.

२२ मार्च, शनिवार

वैनगंगा ओलांडून पलीकडं. माझ्या भाच्याची मोटरसायकल, मागं सुनंदा, मधात पुड्यांची पिशवी. फोटो फाडून टाकलेल्या पुड्या, कोऱ्या. तिला बजावलं होतं, कोणाची आहेस, कुठची आहेस, सांगायचं नाही.

पहिल्या गावात पाय ठेवला नाही तर एक म्हातारी. "कोणाची वं तू?"

"कोणाची नाई, गडचिरोलीची."

"गडचिरोलीची तं हायेच, पण माहेर कुठचं?" असं करत करत म्हातारीनं आडनाव काढलं, तलाव काढला, मग तिच्या जावेची बहीण कौसल्याबाईच्या शेजारची निघाली. झालं! "बाई वं, तू तं आमचीच पोरगी!" पाट मांडला, कुंकवाची डबी आली. मी पिशवी उचलली आणि सुनंदाला हाताला धरून बाहेर आणलं. म्हातारी मागून शिव्या देऊन राहिली, लेकीला उपाशी नेते म्हणून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसलो. या मुलखात ढिवराच्या पोरीनं अनोळखी व्हायचं म्हणजे हैदराबादच गाठावं लागंल.

दुसऱ्या गावात तिला नेलंच नाही. गावाबाहेर पळसाखाली गाडीजवळ बसवलं. पळस भरगच्च फुललेला, खाली सावली मात्र नावाला. मी एकटा गेलो, फेरीवाला होऊन. अब्बा असते तर खुश झाले असते.

कोणी पाणी विचारलं नाही. बायांनी पुडी हातात घेतली, नाकाला लावली, वापस. "वास मारते." "दवाई हाये का?" "आमच्या माश्या आमी हाकलतो, जा तुमी." एकीनं कुत्रं सोडायचंच बाकी ठेवलं. शेवटच्या घरी एक रुखमाबाई, कमरेवर हात. मासोळी वाळत होती, तिच्यातल्या अळ्या निवडून राहिली होती, तोंडानं चालू होतं काहीबाही. पीएच.डी. झालेल्या बाईनं केलंय म्हटलं, तिनं ऐकून घेतलं. भाव पाडला. आणखी पाडला. "आणि माल खराब झाला तं? तुमी तं जाऊन राह्यले." मी पुडीच्या मागं सुनंदाचा नंबर लिहून दिला. तिनं तो शेजारच्या पोट्टीकडून वाचून घेतला, खरा आहे का म्हणून लावूनही पाहिला. पळसाखाली सुनंदाचा फोन वाजला असेल.

एक पुडी. पूर्ण दिवसात एक.

परत येऊन सांगितलं. गाडीवर बसताना तिनं विचारलं, "बाई कशी होती?"

म्हटलं, खवट.

२५ मार्च, मंगळवार

नागपूरला कळवलं. पुडी काम करते, वास अडतो, गिऱ्हाईक अजून नाही, आधीची विक्री नात्यातली होती, धरू नये. तयार आहे म्हणून सही केली नाही. नागपूरवाल्यांचं दोन ओळींचं उत्तर, म्हणे वासाचं काय ते झालं की आणि मॅडम पूर्ण वेळ असतील तर पुन्हा पाहू. म्हणजे तिनं नोकरी सोडली तरी पैशाचा भरवसा नाही, आणि धरली तर पैसे नाहीच.

साहेबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "तू दुकानच चालवायला पाहिजे होतं." खरं असेल. मला आता कशाचाच राग येत नाही, नुसती झोप येते.

सुनंदाला हे सगळं सांगितलं. या वेळी "मला बरं दिसतं" वगैरे काही जोडलं नाही. तिनं विचारलंही नाही. रुखमाबाईचा फोन आला का, मी विचारलं. नाही.

बांबूवाले सर आले होते. दुसरी फ्रेम.

३० मार्च, रविवार

चांद दिसला. उद्या ईद. नसीम शीरखुर्म्याच्या मागं, घरभर तुपाचा वास. आपाचा कुर्ता आलाय. घालून पाहिला, बाह्या आखूड. आपा समोरच होती. तोंड उघडलं, आणि मग म्हटलं, छान आहे. नसीम स्वयंपाकघरातून खाकरली.

संध्याकाळी सुनंदाचा फोन. आधी मला कळेचना, ओरडून बोलून राहिली होती, मागं नदीचा वारा.

रुखमाबाईचा फोन आला होता काल. पैसे वापस पाहिजे! मासोळी बाजारातून परत आली, वासावरून. काय काय नाही बोलली म्हणे. "पीएच.डी. झाली म्हणता, नाक नाई का तुमाले? आमी मासोळी इकतो का काढा? उद्याच्या उद्या पैसे आणून द्या, नाई तं मी तिकडं येतो." सुनंदा सांगता सांगता थांबत नव्हती. "काय झोडपलं भाऊ मले! माझ्या जल्मात असं कोणी नाई बोललं."

म्हणून आज एकटीच गेली, बसनं, मग नावेनं. पैसे परत केले. रुखमाबाईनं ते नीट पाहून कनवटीला लावले. मग म्हणे परत आलेल्या मासोळीतली मूठभर तिच्या पदरात टाकली. "हुंग. हुंगलं? आता हे घरी ने आणि याचा वास काढ. अळी नाई पडली, हे मानतो. वास काढशीन तं ये, दोन घेतो. नाई काढला तं इकडं फिरकू नोको."

मी विचारलं, ओळख नाही ना काढली?

"नाई! कोणाची म्हणून विचारलंबी नाई." हसून राहिली होती ती, रडून नाही, हे मला फोनवरूनही समजत होतं. "भाऊ, एवढं ऊन. दारात उभीच ठेवलं मले. तिनं पाणीबी नाई विचारलं!"

मग नाव आली, नावाडी हाका मारायला लागला. मासोळीची पुरचुंडी मांडीवर आहे म्हणाली, नावेतले लोक नाकाला पदर लावून राहिले. ऑर्डर पर्समध्येच आहे. मंगळवारी एक एप्रिल, त्याचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि फोन कट झाला.